कोरा राहिलेला रकाना

स्क्रँटन,
२० फेब्रुवारी १९७९

ती. नेस्टाताईस,
धाकट्या एमलिनचा स. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. बर्फ दाराच्या कडीपर्यंत आलंय आणि शाळेच्या बसगाड्या रोज सकाळी सुरू व्हायला नखरे करतात, त्यामुळे आम्हा मेकॅनिक लोकांना उसंत नाही. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. डावा कान गेल्यापासून मला फोनवर निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानेच ठरवतो, असं मार्जी म्हणते. बायको आहे, म्हणणारच.

कॅरिसचं लग्न ठरलं! १६ जून, आपल्याच वेल्श चॅपेलमध्ये. पोरीने मला बजावलंय की ऑर्गनवर आत्याच बसणार, नाहीतर ती टेपरेकॉर्डर लावून चालत येईल. आणि तू? दर सणाला ऑर्गनवर बसायला यायचीस, पण आईला पोचवून गेलीस ती गेलीसच. नाताळलासुद्धा फिरकली नाहीस. तुझ्या जागी जे गृहस्थ बसतात ते स्तोत्र असं वाजवतात, की जणू चढावर कोळशाची गाडी ढकलताहेत.

मार्जीला कुठूनसं कळलं की तू तिथे मनाच्या डॉक्टरणीकडे जातेस. अगं, झालंय काय तुला? आपल्या बाबांनी तीस वर्षं खाणीत काढली, पण मन कुणाला दाखवायला नेलं नाही. अर्थात ते आठ-आठ दिवस कुणाशी बोलायचेही नाहीत, ते सोड. चॅपेलने तुझं काय घोडं मारलंय, तेवढं लिही.

लोभ आहे म्हणूनच टोचतोय, हे ओळखून असावे.
तुझा,
एमलिन

फिलाडेल्फिया,
४ मार्च १९७९

चि. एमलिन यास,
अ. उ. आ.

घोडं चॅपेलने नाही, मीच मारलंय. तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. रोज उत्तराला बसते आणि उठते. आज बसलेय ती उठणार नाही.

आपली रीत तुला काय सांगायची? स्तोत्र मनाला भिडलं की शेवटच्या ओळी पुन्हा गायच्या, मग आणखी एकदा. कुणी सांगत नाही. सगळ्यांनी मिळून घेतलेला श्वास तेवढा ऐकू येतो आणि ऑर्गनवालीने तो ओळखायचा. मी पस्तीस वर्षं ओळखला. नेमका आईच्या अंत्यविधीच्या वेळी ओळखला नाही. आमेन वाजवलं, झाकण लावलं, आणि पाठीमागे सगळं चॅपेल पुन्हा गायला लागलं, माझ्याशिवाय. झाकणावर हात ठेवून मी बसून राहिले. ते उघडायचं धैर्य झालं नाही रे. नंतर दफनाच्या वेळी तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. जेवणाच्या वेळी मी खोलीत आले आणि तू उठून गेलास.

तेव्हापासून ऑर्गनला हात लावला नाही. मग चर्चमध्ये जाणं सोडलं, मग शिकवण्या एकेक करून सोडल्या. हात कापतात. जितकं टाळलं तितकं भय वाढलं.

डॉ. लेविट माझ्या छत्रीपेक्षाही वयाने लहान असेल. सोफ्यावर निजवत नाही की बाबांबद्दल विचारत नाही. ती विचारते, हात कापायला लागले त्या क्षणी मनात कोणतं वाक्य आलं? तिचं म्हणणं असं की माणसाला घडलेली गोष्ट एवढी छळत नाही, जेवढं आपण स्वतःशी त्या गोष्टीबद्दल बोलतो ते छळतं; आणि ते बोलणं इतक्या झटकन होतं, की आपल्याला ते खरंच वाटतं. आई म्हणायचीच ना, मन चिंती ते वैरी न चिंती. तेच, पण ही बाई रकाने आखून देते. प्रसंग, मनातलं वाक्य, त्यावर शंभरात किती विश्वास, वाक्याच्या बाजूने पुरावा, विरुद्ध पुरावा. घरी करायला अभ्याससुद्धा देते! बावन्नाव्या वर्षी मी वही घेऊन जाते.

माझी वाक्यं दोन. मी आईला अर्ध्या वाटेत सोडलं, आणि एमलिन मला कधीच क्षमा करणार नाही. विश्वास पंचाण्णव. बाईंनी विचारलं की हे एमलिनने सांगितलं का. म्हटलं नाही. चॅपेलमधल्या कुणी सांगितलं? नाही. मग तुला कसं कळलं, असं तिने विचारलं. म्हणून या खेपेचा अभ्यास असा, की तिथे हजर असलेल्या एका माणसाला सरळ विचारायचं. ते माणूस तू. त्या दिवशी तुला काय वाटलं? गोड लिहू नकोस, खरं लिही.

उत्तर येईपर्यंत जिवात जीव नाही.
तुझी,
नेस्टा

स्क्रँटन,
१२ मार्च १९७९

ती. ताईस,
स. न. वि. वि.

कपाळ माझं! अगं वेडे, तू ते मुद्दाम केलंस असंच मी वर्षभर समजत होतो.

ऑर्गन थांबला आणि नुसते गळे उरले. माझ्या एका कानालासुद्धा ते भरून ऐकू आलं. वाटलं, ताईने आईला माणसांच्या हाती सोपवलं आणि स्वतः बाजूला झाली. गायन पुढे नेणारे म्हातारे इड्रिस प्रोबर्ट अजून सांगत फिरतात, की वाजवणाऱ्यांत कधी थांबायचं ते कळणारी एकच, आपली नेस्टा.

तरी तुझ्या डॉक्टरणीला एकट्या भावाची साक्ष पुरणार नाही म्हणून काल उपासनेनंतर चहा आणि वेल्श कुकी हाणताना मी अकरा जणांना गाठलं. मार्जी म्हणाली की तू जनगणनेवाल्यासारखा दिसतोस. नऊ जण म्हणाले, मुद्दामच केलं. ब्लॉडवेनकाकूंना त्या दिवशी ऑर्गन होता हेच आठवत नाही. आणि मिसेस बेनन, त्यांना तू ओळखतेसच, त्या म्हणाल्या की चूक झाली होती, त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं. पण त्या चुकीने आपला फायदाच झाला.

मी तुझ्यावर रागावलो नव्हतो, ताई. त्या दिवशी तुझ्याकडे बघवलं नाही, त्याचं कारण वेगळं. ते राहू दे.

जूनची वाट बघतो. पोर टेपरेकॉर्डरच्या किमती विचारत हिंडतेय.
तुझा,
एमलिन

फिलाडेल्फिया,
३ एप्रिल १९७९

चि. एमलिन यास,
अ. उ. आ.

अकरा माणसं! अरे, मी रडले, हसले आणि पत्र घेऊन थेट बाईंकडे गेले. मिसेस बेननचं म्हणणं वाचून त्यांनी टाळीच वाजवली. चूक झालीच नाही असं मानायचं नाही, म्हणाल्या. खोटी साखर पेरण्याचा हा उद्योग नव्हे. चूक झाली हे खरं. आईला सोडलं हे खरं नाही. पंचाण्णवाचे तीस झाले. शून्य नाहीत, पण तिसांबरोबर माणूस बसून जेवू शकतं.

पुढचा अभ्यास ऐक. आमच्या गल्लीतल्या छोट्या चर्चमध्ये रविवारी वाजवायचं आणि मुद्दाम एक सूर चुकवायचा! आधी भाकीत लिहायचं. मी लिहिलं, निम्मे लोक वळून बघतील, मला घाम फुटेल आणि मी पळून जाईन. सूर असा ठोकून चुकवला, की माझे गुरू असते तर बेशुद्ध पडले असते. दोघं वळली. त्यातल्या एका बाईची टोपी पडली होती. घाम फुटला, हात कापले, पण मी पळाले नाही; तिसऱ्या कडव्यापर्यंत हात आपोआप शांत झाले. कॅरिसला सांग, टेपरेकॉर्डर घेऊ नकोस. आत्या येतेय.

एमलिन, तू आणि तुझ्या अकरा जणांनी मला माझे हात परत दिले. हे उपकार मी विसरायची नाही. म्हणूनच तुझं ते राहू दे म्हणणं मला राहू देववत नाही. सोबत एक कोरा कागद आहे, रकाने आखलेला. दुसऱ्यांची डॉक्टरकी करू नकोस असं बाईंनी मला बजावलंय. पण मी डॉक्टर कुठे आहे, मी तुझी बहीण आहे.

कागद वाया घालवू नकोस, मेहनतीने आखलाय.
तुझी,
नेस्टा

स्क्रँटन,
२२ एप्रिल १९७९

ती. ताईस,
स. न. वि. वि.

तुझा कागद दोन आठवडे गॅरेजच्या खणात पाना-पकडीखाली पडला होता. काल काढला. भरलेला पाठवतोय, ग्रीसचे डाग माफ कर.

प्रसंग: आईचा शेवटचा शुक्रवार. मंगळवारपासून मी हॉस्पिटलात तिच्या उशाशी होतो. संध्याकाळी ती म्हणाली की तिला पिएरोगी खाव्याशा वाटतात, बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्यांसारख्या, कांद्यावर परतलेल्या, पोलिश चर्चवाले उपवासाच्या शुक्रवारी विकतात त्या. दोन घास अन्न न घेणारी आई काही मागतेय म्हणून मी धावलो. रांग मोठी होती. पण रांगेचं सोड. माझी पाळी आली, तो वास नाकात गेला, आणि मी तिथेच बाकावर बसून आधी स्वतःचं ताट संपवलं, ताई. मग तिची पुडी घेऊन निघालो. पोचलो तेव्हा नर्स चादर सारखी करत होती.

मनातलं वाक्य: मी खात बसलो आणि आई एकटी गेली.

विश्वास: शंभर.

बाजूने पुरावा: वर लिहिलाय. दहा मिनिटं. कमी नाही.

विरुद्ध पुरावा: हा रकाना कोरा आहे. शोधला, सापडला नाही. मार्जीलाही हे ठाऊक नाही. दफनाच्या वेळी तुझ्याकडे बघितलं असतं तर तू विचारलं असतंस की शेवटी जवळ कोण होतं, म्हणून बघितलं नाही.

तुझा,
एमलिन

फिलाडेल्फिया,
२५ एप्रिल १९७९

माझ्या एमलिन,

आज आशीर्वाद-नमस्कार काही नाही, आधी तुझा रकाना भरते. पुरावा माझ्याकडे होता रे, आणि तू रागावलास या माझ्या समजुतीपायी मी तो वर्षभर दाबून बसले. मला क्षमा कर.

त्या शुक्रवारी दुपारी चारला आईने नर्सकडून मला फोन लावून घेतला होता. तू दाढी करायला गेला होतास. आवाज अगदी बारीक झाला होता, पण डोकं शाबूत. म्हणाली की एमलिन मंगळवारपासून कॉफीवर जगतोय, कितीही सांगितलं तरी उठत नाही, त्याला काही होईल याचीच तिला चिंता. आता एकच उपाय आहे, म्हणाली, मलाच पिएरोगी हव्यात असं सांगते. माझ्यासाठी म्हटलं की धावेल, आणि एकदा वास आला की स्वतः खाल्ल्याशिवाय राहायचा नाही, त्याला मी ओळखते. आणि हसली, एमलिन. खरंच हसली.

तू जरा आठव, आईला कांदा जन्मात कधी सोसला होता का?

त्या पुडीत तिच्यासाठी काही नव्हतंच. तिला हवं होतं ते तू बाकावर बसून केलंस. ती एकटी गेली हे मला पुसता येणार नाही, आणि बाई म्हणतात तशी खोटी साखर मी पेरणार नाही. पण तू खात बसलास म्हणून नव्हे. तू खात होतास तेव्हा तिचं काम झालं होतं.

आकडा किती झाला, ते सवडीने कळव.
तुझीच,
नेस्टा

स्क्रँटन,
१८ जून १९७९

ती. ताईस,
कृतज्ञ एमलिनचा स. न. वि. वि.

तू काल गाडीत बसलीस आणि घर ओस पडलं. एप्रिलमधल्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण ते हातात घेतलं की अक्षरं दिसेनाशी व्हायची. मार्जीला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, की सासूबाई मोठ्या लबाड होत्या.

परवा चॅपेलमध्ये शेवटच्या ओळींच्या आधी सगळ्यांनी श्वास घेतला तो मी ऐकला, या एका कानाने. तूही ऐकलास. दोनदा साथ दिलीस आणि तिसऱ्यांदा आपण होऊन हात उचललेस. मिसेस बेननना विचारलं. म्हणाल्या, या वेळी चूक नव्हती.

तू तेव्हा कॅरिसच्या घोळक्यात होतीस, म्हणून सांगतो. जेवणात मी पिएरोगी ठेवायला लावल्या होत्या. वर्षभरात तोंडात घातल्या नव्हत्या. पाहुण्यांच्या आधी पहिलं ताट मी घेतलं, कोपऱ्यातल्या बाकावर बसलो आणि सावकाश, पोटभर खाल्लं.

आकडा वीस. उतरलेल्या ऐंशींचं श्रेय आईला आणि तुला.
तुझा,
एमलिन