फ्रिजवरचं स्वस्तिक

वाशी, बुधवार. दसऱ्यानंतरचा आठवडा, १९८४

परदेशी मदतीतून आलेले लसींचे फ्रिज नीट वापरले जातात का, हे तपासायचं माझं काम. आज मदत देणाऱ्यांच्या साहेबांना घेऊन पावणे गावापलीकडच्या खाडीकाठी एका आरोग्यकेंद्रात गेलो. फ्रिज चकाचक. आत गारवा बरोबर, लशीच्या बाटल्या रांगेत.

"रोज सकाळी उघडतो, रोज पोरांना टोचतो," तिथले डॉक्टर म्हणाले. जरा जास्तच झटकन म्हणाले.

फ्रिजवर दसऱ्याच्या पूजेचं कुंकवाचं स्वस्तिक होतं. अर्धं दारावर, अर्धं बाजूच्या पत्र्यावर. साहेब खूश! त्यांनी आधी फोटो काढला, मग दार उघडायला सांगितलं. उघडताना वाळलेलं कुंकू मधोमध तडकलं आणि माझ्या बुटावर पडलं.

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. आमच्या फ्रिजवर हिनं काढलेलं स्वस्तिक दसऱ्याच्याच संध्याकाळी मोडलं, दूध काढताना. मग तिथलं आठवडाभर अख्खं राहिलं कसं? की मीच उगाच संशय घेतोय? पण केंद्राच्या ओट्यावर पोर कडेवर घेतलेली बाई विचारत होती, "आज तरी हाय ना सुई?" डॉक्टरांनी तिला नुसत्या हाताच्या खुणेनं गप्प केलं. ते का?

परतताना गाडीत साहेब म्हणाले, तो फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर टाकू या.

जरूर टाका म्हटलं. फक्त खाली आजची तारीख छापा.