डेझीची आत्या

४ फेब्रुवारी १९३४, सोलापूर

डेझी! माझ्या चार दिवसांच्या भाचीचं नाव डेझी!

आमच्या आईचं नाव ठेवायचं ठरलं होतं, यशोदा. काल शरच्चंद्र कचेरीतून आला तो हे नाव घेऊन. त्याच्या साहेबाच्या मडमेचं! "अक्का, हल्ली सगळीकडे असलीच नावं असतात." सगळीकडे म्हणजे आमच्या बोळात. वकिलांची लिली, कंपाउंडरची रूबी. लिली हे त्याच मडमेच्या कुत्रीचं नाव आहे, हे वकिलांना अजून कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही. तेवढीच करमणूक.

५ फेब्रुवारी

शी! त्या नावानं तोंड अजून कडू आहे.

६ फेब्रुवारी

शाळेतून मोठा कोश आणला. मॅट्रिकला तीनदा बसलेला बाप. मुलीच्या नावाचा अर्थ मात्र मास्तरीण बहिणीनं काढायचा! जुन्या इंग्रजीतला शब्द निघाला – 'दिवसाचा डोळा'. एक फूल. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं. जेवताना मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, "गवतात उगवतं हो. गाढवं चरतात तिथं!" शरच्चंद्रानं ताक भुरकलं. बाळंतिणीच्या खोलीतून मालती म्हणाली, "वन्सं, पुन्हा सांगा ना. कसला डोळा?" सांगितला.

९ फेब्रुवारी

आज हद्द झाली.

बारशाला कानात नाव सांगायचं ते आत्यानं. सख्खी आत्या एकच – मी. शरच्चंद्र वहाणा चढवत, खाली बघत म्हणाला, "अक्का, तुला कळतंच. पाळण्यापाशी सवाष्ण लागते. मोहोळच्या म्हाळसाबाईला बोलावलंय." ही आमची लांबची चुलत बहीण. नऊ वर्षांत या घराचा उंबरा तिनं पाहिलेला नाही.

म्हणजे नाव विलायतेचं चालतं, विधवा बहिणीचं तोंड चालत नाही! अर्थ काढायला मी, उच्चारायला सवाष्ण! आणि ती मडम? तिचा पहिला नवरा लढाईत गेला, हा साहेब दुसरा. शरच्चंद्रानंच कौतुकानं सांगितलं होतं. तिचं नाव शुभ. मी मात्र माजघराच्या आत!

११ फेब्रुवारी

म्हाळसाबाई आली. तिची तालीम घ्यायचं कामही माझ्याकडेच!

"डेझी म्हण."

"लई अवघड हाय की गं गोदे! जीभ वळंना. त्यापरीस गंगू ठेवा की."

आठवडाभरात या घरात पहिल्यांदा कुणी शहाणं बोललं.

"आन् तूच का न्हाईस सांगत गं?" म्हणाली, आणि माझ्या कपाळाकडं बघून पुन्हा घोकायला लागली.

घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातले. त्यांना माझे हात चालतात.

१२ फेब्रुवारी

आज बारसं. उजाडता उजाडता मालती स्वयंपाकघरात आली. केस ओले, छातीशी पोर. ओसरीवर म्हाळसाबाईचं घोकणं चालू होतं.

"वन्सं, पाळण्यापाशी काय व्हायचं ते होऊ दे. आधी तुम्ही सांगा हिच्या कानात."

"कुठलं नाव?"

"तुम्ही सांगाल ते. आत्या तुम्ही."

यशोदा अगदी ओठांवर होतं. तेवढ्यात कार्टीनं डोळे उघडले. खिडकीतलं पहिलं ऊन त्यांत.

कुर्रर्र... डेझी.