निळ्या हातांचा राक्षस

अप्पा, परवा मी एका चर्चासत्रात भाषण ठोकून आले. विषय होता गाजलेल्या अद्भुत कादंबऱ्यांमधला वर्णद्वेष. गोऱ्या लेखकांनी देश काल्पनिक रचले खरे, पण दुष्ट राजाचं सैन्य आणलं ते नेमकं उन्हाच्या मुलखातून; काळं, जाड ओठांचं, आडदांड. राक्षस कुणी आकाशातून आणत नाही, ज्यांना आपण कमी लेखतो त्यांच्यावरूनच तो घडवतो, असं मी टेबलावर हात आपटून सांगितलं. टाळ्या पडल्या. आता ते छापण्यासाठी लिहून द्यायचंय. त्यासाठी कागद पुढे ओढला आणि तुम्हालाच लिहायला बसले.

बहात्तरच्या दुष्काळात करकंब सोडून आपण सोलापुरात आलो, तुम्ही चादरींच्या कारखान्यात उकळत्या रंगाच्या हौदांवर सूत रंगवायला लागलात. त्यानंतर दोनेक वर्षांनी मी आठवीत असेन. शाळेच्या कपाटातली, इंग्रजीवरून मराठीत आणलेली जादूच्या राज्यांची सगळी पुस्तकं मी अधाशासारखी वाचून काढली होती. मग मीही एक गोष्ट लिहिली. राजकन्या अर्थातच गोरीपान. तसं आपल्या सात पिढ्यांत कुणी नसेल, पण राजकन्या म्हटल्यावर दुसरा रंग मला सुचलाच नाही. राक्षस मात्र शोधावा लागला नाही. काळाकुट्ट, कुरळ्या केसांचा, वाफेनं डोळे लाल झालेला आणि कोपरापर्यंत निळा. बाईंना गोष्ट इतकी आवडली, की स्नेहसंमेलनात मी ती वाचायची असं ठरलं. तुम्ही त्यासाठी पाळी बदलून घेतलीत, सदरा इस्त्री करून आणलात.

आदल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही चुलीपाशी बसला आहात. "बगू तरी काय लिवलंयस," म्हणता. मी वही देत नाही, आई देते. पानांना रंग लागू नये म्हणून तुम्ही ती टॉवेलात धरता आणि एकेका शब्दावर थांबत वाचता. राक्षसापाशी जरा जास्तच थांबता. मग हसता.

"लई झ्याक लिवलंयस. पर ह्यो गडी माज्यावाणी दिसतोय की गं!"

"न्हाय अप्पा, पुस्तकातला हाय त्यो."

"आसंल, आसंल." वही मिटून तुम्ही आईला म्हणता, "उद्या तूच जा पोरीसंगं. म्या न्हाय येत. पोरी वळखतील की मला!"

आईही हसली. थट्टाच होती ती, निदान तिला तसं वाटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही रोजच्या कपड्यांत कामावर गेलात आणि मी माईकसमोर उभं राहून तुमचं वर्णन खड्या आवाजात वाचून दाखवलं. मुली भ्यायल्यासारखं करून खिदळल्या. संध्याकाळी घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "पडल्या का टाळ्या?" मी मान डोलावली.

लाज वाटते अप्पा, आणि ती भाषणात लिहायचं धाडस माझ्यात नाही. हे पान कुणाला दाखवणार नाही. पुस्तकांनीच मला तसं बघायला शिकवलं, अशी मी स्वतःची समजूत घालते, आणि ते खोटंही नाही. पण त्या संध्याकाळी "या की अप्पा" एवढं म्हणायला कुठल्या पुस्तकानं मला अडवलं नव्हतं. तुम्ही येणार नाही म्हणालात आणि मला हायसं वाटलं.