वेस्ली म्हणजे पश्चिमेकडचं कुरण

अहो,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. तुम्ही गेलात त्याला वर्ष होत आलं, पण लिहितेय ती आज, कारण सकाळी वकिलाचा फोन आला. आपल्या मुलाला नाव बदलायची परवानगी कोर्टाने दिली. तुमचा वेस्ली आता वेस्ली राहिला नाही.

मला मिहिर हवं होतं. मी टाके पडलेली, पलंगावर. तुम्ही एकटेच इथल्या डच पालिकेत जाऊन परस्पर वेस्ली लिहून आलात! "ऑफिसात जिकडेतिकडे वेस्ली आहेत. ह्याला कुणी दोनदा स्पेलिंग विचारणार नाही. आणि अर्थ तर बघ, पश्चिमेकडचं कुरण!"

कुरण? माणसाच्या पोराला?

घरात मी मिहिरच म्हणायचे. तेही तुम्हाला खपलं नाही. आई चुकीचं नाव घेते, ओ द्यायची नाही, असं तुम्ही त्याला शिकवलंत. एवढंसं पोर ते! मी हाक मारायचे, तो तुमच्याकडे बघायचा, तुम्ही मान हलवायचात. एकदा तापाने फणफणला होता, तरी माझ्याकडे येईना. शेवटी मीच "वेस्ली" म्हटलं, आणि मिहिर कायमचं सोडलं. किती हसलात त्या दिवशी!

आणि ते नाव तरी कसलं? फॅशन कधीच सरलेली. तुमच्या ऑफिसातले वेस्ली तुमच्याच वयाचे होते हो! आपल्या गावच्या, बाडहूव्हडॉर्पच्या शाळेत मुलं म्हणायची, हे तर आमच्या काकाचं नाव. नोकरीच्या मुलाखतीला गेला, तर तिथल्या बाई त्याच्या पाठीमागे बघत राहिल्या, खरा वेस्ली येईल म्हणून. घरी येऊन त्याने हे सांगितलं, तेव्हा काय म्हणालात? "ताठ उभा राहत नसशील."

पक्षाघातानंतर तुमच्या तोंडून ते नाव निघेना. "बाळा, बाळा" एवढंच. तो खिडकीशी फोन बघत उभा होता.

"अरे, बाबा बोलावतायत."

"दॅट्स नॉट माय नेम, आई."

तुम्ही ऐकलंत. तुमचे डोळे नर्सने पुसले. मला वाईट वाटलं का? थोडं.

आज मी आशेने विचारलं, "मग मिहिर ना?"

"नो, आई. नोआ."

हल्ली इथे प्रत्येक वर्गात एक तरी नोआ असतो. वर त्याने विचारलं, "हू इज मिहिर?"

कुणी नाही, म्हटलं. जिंकलात तुम्ही. वेस्ली गेला, पण मिहिर पुसलंत ते पुसलंतच; तुमच्या हातचं तेवढं एकच टिकलं.

वर्षश्राद्धाला तो बसणार नाही म्हणतो. मी आग्रह करणार नाही. पण शब्द देते, त्याला नोआ अशीच हाक मारीन, जीभ अडखळली तरी. आणि तुम्ही कसे होतात असं त्याने कधी विचारलं, तर एक अक्षर गोड करून सांगणार नाही.

सुनीता