न मिळवलेल्या बी.ए.ची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त झालेली पदवीपत्र-लेखनिक, राहणार याच इमारतीत चौथ्या मजल्यावर, लिफ्टसमोरचं दार, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही, म्हणून मीही लिहीत नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा भुलवण्याने करत नाही. वकीलसाहेब समोर बसले आहेत, पण ते कोणाला धाक दाखवतील असे नाहीत. त्यांच्या पदवीपत्रावरचं नाव मीच लिहिलं होतं, दुसऱ्या प्रयत्नातलं. हे वाक्य काढा म्हणतात. काढत नाही.

कलम १. बँकेतली माझी ठेव थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला मिळावी. ती "मला कशाला गं आता?" असं म्हणेल. दोनदा म्हणू द्यावं. तिसऱ्यांदा घेईल.

कलम २. धाकट्या दिरांना माझा दोन खंडांचा शब्दकोश द्यावा. तो एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी दोन दिवसांसाठी नेला होता, तेव्हा आणून देण्याची तसदी कोणी घेऊ नये. भावजी दोन विषयांत एम.ए. आहेत आणि जन्मभर विम्याचे हप्ते गोळा करत फिरले. त्यात काही वाईट नाही. पण आमच्या लग्नानंतरची पहिली सहा वर्षं ते प्रत्येक जेवणात म्हणायचे, "या पंगतीत पदवी नसलेल्या एकट्या वहिनीच बरं का!" सगळे हसायचे आणि मी वाढत राहायचे. त्यांना मी माफ केलं आहे, शब्दकोशासकट.

कलम ३. माझे टाक, निबांचा डबा आणि उरलेली शाई कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानवालीला द्यावी. तिची खोक्यांवरची अक्षरं म्हणजे कोंबडीचे पाय. ही बाई वनस्पतिशास्त्रात सुवर्णपदक मिळवलेली आहे. मला ठाऊक आहे, कारण ते नावही माझ्याच हातचं. बत्तीस वर्षांत मी हजारो नावं लिहिली आणि पुढे त्यातली कितीतरी माणसं रस्त्यात भेटली. पशुवैद्य झालेला एकजण लग्नाचे फोटो काढतो. दुसऱ्या मजल्यावरचे बसचालक तत्त्वज्ञानाचे एम.ए. आहेत आणि म्हणतात, त्याचा उपयोग सिग्नलला होतो. पदवी एकीकडे आणि पोट दुसरीकडे, पण त्यातल्या बहुतेकांचं छान चाललेलं मी पाहिलं. हे मला चांगलं कळत होतं, आणि तरीही पुढच्या कलमात लिहिलेली चूक मी केली.

कलम ४. हे घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर व गॅलरी, ताईच्या मुलीला, माझ्या भाचीला, ठकीला द्यावं. वकीलसाहेब विचारतात, "चार वर्षं जिच्याशी बोलला नाहीत, तिला?" हो, तिलाच. आणि का बोलले नाही ते लिहिल्याशिवाय हे कलम पुरं होत नाही.

ठकीने बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष सहा महिने उरले असताना सोडलं आणि लिफ्टदुरुस्ती शिकायला गेली. लहानपणी तिने माझं घड्याळ, मिक्सर आणि एकदा भावजींचा दातांचा ब्रश, बॅटरीवरचा, उघडून ठेवला होता. त्यामुळे आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. पण मी दारात उभी राहून म्हणाले, "आधी पदवी घे, मग या घरात पाय ठेव. मी नोकरी आणि संसार सांभाळून बी.ए. झाले, तुला काय धाड भरली?" उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ती जिना उतरून गेली.

आता या इमारतीच्या लिफ्टची देखभाल तिच्याकडेच आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी ती येते. तासभर दाराबाहेर पान्यांचा आवाज येतो आणि मी आत कडीवर हात ठेवून उभी असते. ती बेल वाजवत नाही. मी दार उघडत नाही. मग लिफ्ट सुरू होते आणि ती निघून जाते.

आता खरी गोष्ट. मी बी.ए. नाही.

दुसरं वर्ष झालं, आई अंथरुणाला खिळली, मी कॉलेज सोडून नोकरी धरली. परीक्षा विभागात उत्तरेच्या खिडकीखाली लांब टेबल होतं. एकजण यादीतली नावं वाचायचा आणि आम्ही तिघी लिहायचो. नवी निब टाकाला लावली की ती आधी रद्दी कागदावर चालवून बघायची, आणि प्रत्येक लेखनिक तेव्हा स्वतःचंच नाव लिहितो, कारण त्या नावाला हात सरावलेला असतो. एके दिवशी माझ्या हाताखाली रद्दी नव्हती. सही छापलेलं, शिक्का उमटवलेलं बी.ए.चं कोरं पदवीपत्र होतं. मी सवयीने नाव लिहिलं, तेही नेमकं ओळीवर. इतकं सुंदर अक्षर मी आयुष्यात कधी काढलं नसेल.

नोंदवहीत लिहिलं, "शाई सांडली, कागद फाडला." कागद डब्याच्या फडक्यात गुंडाळून घरी आणला. का आणला? बघायला. एक रात्र बघून फाडणार होते. पण डबा धुवायला आमच्या ह्यांनी काढला. फडकं उलगडलं, वाचलं आणि तिथेच मटकन बसले. "मला न सांगता बी.ए. झालीस?" मी तोंड उघडेपर्यंत माणूस शेजाऱ्यांना सांगायला पळाला होता. दुसऱ्या दिवशी चौकट करून आणली. भावजींचं तोंड कायमचं बंद झालं. हे रोज सकाळी बुटाची नाडी बांधताना त्या चौकटीकडे बघायचे आणि खूश होऊन कामावर जायचे. त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार होते? ते जाऊन नऊ वर्षं झाली, तरी चौकट भिंतीवर आहे, आणि तिच्याच जोरावर मी पोरीला घराबाहेर काढलं. स्वतःचं ठेवायचं झाकून, ही म्हण काय उगाच झाली?

इथवर लिहून झालं आणि वकीलसाहेब म्हणाले, "ठीक आहे. तुमच्या पश्चात त्या हे वाचतील."

पश्चात! मेल्यावर खरं बोलायला काय अक्कल लागते? दाराबाहेर पाने वाजत होते, गुरुवारच होता. मी कागद उचलला आणि कडी काढली.

लिफ्टचं दार उघडं होतं. ठकी खाली थांबलेल्या लिफ्टच्या टपावर उभी, तिचं डोकं माझ्या पावलांच्या उंचीवर, कपाळाला दिवा. चार वर्षांनंतरचं तिचं पहिलं वाक्य असं: "मावशी, पुढे येऊ नकोस, तोल जाईल."

मी भिंत धरून कलम चार वाचलं. "आता खरी गोष्ट"पासून सगळं. पान्याचा आवाज थांबला. वाचून झाल्यावर तिने कपाळावरचा दिवा विझवला.

"मग माझ्यावर एवढी का ओरडलीस गं?"

"तू सोडलंस आणि तोंडावर सांगितलंस. मी सोडलं आणि वर खोटं भिंतीला टांगलं. राग नव्हता पोरी तो. हेवा होता. चुकले मी."

"आणि काकांनी खरंच चौकट करून आणली?"

"आणली ना! मी खिळा धरला होता."

ती जी हसत सुटली, की खाली बसचालक दार उघडून बाहेर आले. हसता हसता ती रडायला लागली. मीही रडले, ते सरळ लिहिते. मग ती वर आली, तीनदा साबण लावून हात धुतले आणि चौकट काढली. कागद इतका जाड की माझ्या हातांना फाटेना. शेवटी तिने पकडीने धरला आणि मी ओढला. चौकटीत आता ह्यांचा फोटो आहे.

म्हणून कलम ४ मध्ये सुधारणा: घर माझ्या पश्चात ठकीचं. किल्ली मात्र आजच दिली आहे. वकीलसाहेबांचा आक्षेप नाही. त्यांनी नाक पुसलं.

जाताना ठकीने पिशवीतून एक पत्र्याची पट्टी काढली. देखभाल करणाऱ्याच्या नावाची, लिफ्टमध्ये लावायची होती, तिने स्वतःचं काम सुरू केल्यावरची पहिलीच. म्हणाली, "तुझ्या हाताने लिहून दे." मी सगळा जीव ओतून तिचं नाव लिहिलं. मग बत्तीस वर्षांच्या सवयीने विचारलं, "खाली काय लिहू? शिक्षण?"

"फोन नंबर लिही मावशी. वाचणारा अडकलेला असतो."

लिहिला.

सही: (मृत्युपत्र करणारी, स्वहस्ते)

साक्षीदार १: दुसऱ्या मजल्यावरचे बसचालक
साक्षीदार २: दाखला देणारे डॉक्टर

ठिकाण: चौथा मजला, दार उघडं
दिनांक: १४ मार्च २०१९