दुखण्यापुढे भाषण करू नये म्हणतात

तीर्थस्वरूप दादास साष्टांग नमस्कार. (आठांपैकी चार अंगं संपावर आहेत, उरलेल्या चारांचा गोड मानून घे.) तुझा गुडघा, वहिनींचा खोकला आणि माझ्याशी धरलेला दोन वर्षांचा अबोला, तिन्हींना उतार पडला असेल अशी आशा करतो.

आयुष्यात एक पाऊल मागे न हटणारा मी एकदाच हटलो आणि नेमकं तिथेच व्यासपीठ संपलेलं होतं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. मणक्यातली मज्जारज्जू दुखावली, चाकाची खुर्ची आली. तेही सोसलं. पण अन्याय बघ, ज्या पायांना सुई टोचली तरी पत्ता लागत नाही, तेच पाय दिवसभर निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळतात. कामाला गैरहजर आणि तक्रारीला हजर. (असे सभासद मी संघटनेतून काढले असते.) गोळ्यांनी निम्मी आग विझते, उरलेली मी घरात वाटतो. शेवटी बायको म्हणाली, "दुखणं तुमचं, पण ऐकावं मला लागतं. त्या ध्यानाच्या वर्गाला तुम्ही जा, नाहीतर मी जाऊन बसते. तिथे शांतता तरी असेल."

वर्ग म्हणजे इस्पितळाच्या तळमजल्यावरची खोली, पाच चाकाच्या खुर्च्या आणि शिकवणाऱ्या एक बाई. बाई म्हणाल्या, दुखण्याकडे साक्षीभावाने पाहा. मी विचारलं, साक्षीदाराची उलटतपासणी कधी? नसते म्हणाल्या. मग मी डोळे मिटून मनातल्या मनात दुखण्याला खडसवायला घेतलं. तीन मुद्दे झाले, त्याच्या खानदानापर्यंत पोचलो, तेवढ्यात शेजारचा ट्रकचालक म्हणाला, "साहेब, मनातलं जरा हळू." श्वासाचंही तेच. माझी सवय टाळ्या पडल्या की श्वास घ्यायची. तिथे टाळ्या कोण वाजवणार? जीव घुसमटला.

सहाव्या आठवड्यात मात्र एक झालं. आग होतीच (ती जाणार नाही, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं). पण तिच्यावर माझं जे अखंड भाषण चालतं, की हे कायमचं, हा अन्याय, आता सगळं संपलं, ते अकरा श्वासांपुरतं बंद पडलं. उरलं ते नुसतं दुखणं, आणि त्याचा आवाज माझ्यापेक्षा बराच लहान निघाला. त्या संध्याकाळी मी इतका गप्प होतो की बायकोने दोनदा येऊन कपाळाला हात लावून पाहिला.

डोळे मिटून बसणाऱ्यांनी जगाचं वाटोळं केलं, असं मी भर सभेत, तिसऱ्या रांगेतल्या तुझ्याकडे बोट दाखवून म्हणालो होतो. मत अजून तेच आहे. जगातला अन्याय उघड्या डोळ्यांनी पाहावा आणि त्याच्याशी भांडावं. फक्त माझ्या पायांचं प्रकरण त्यात बसत नाही, एवढीच दुरुस्ती मांडतो. हा माफीनामा नव्हे.

तुझा, हल्ली बसूनच बोलणारा,
धाकटा भाऊ

ता. क. बायकोने पत्र वाचलं. तिच्या मते हा माफीनामाच आहे, फक्त वाईट लिहिलेला.

आणखी ता. क. वर्ग सोमवारी संपतो. घरी एकटा बसलो की चौथ्या श्वासाला भाषण सुरू होतं. वीस वर्षं रोज डोळे मिटून गप्प बसणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. सकाळी सातला येशील का? बोट दाखवल्याची माफी समोरासमोर मागेन. पंधरा मिनिटांच्या वर गेली तर थांबव.