दुसऱ्याचा वाफा

आई,

काल ऑफिसातून घरी येताना मार्केट यार्डाच्या चौकात सिग्नल लागला आणि भुसार बाजाराकडून तो वास आला, गोणपाटाचा आणि गव्हाच्या धुळीचा. व्यापाऱ्याच्या गाळ्यावर दिवसभर धान्य निवडून तू कात्रजला घरी यायचीस, तेव्हा तुझ्या पदराला हाच वास असायचा. हेल्मेटच्या आत मी एकटीच हसले. सगळ्या नातेवाइकांना फोन करून झाले, पण तुला अजून सांगितलंच नाही. आई, मी अंटार्क्टिकाला जाऊन आले. पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला, जिथं गाव नाही, रस्ता नाही, झाड नाही. एकटी नाही, पुण्यातली एक बस भरेल एवढी माणसं घेऊन गेले आणि सगळ्यांना धड परत आणलं. तू असतीस तर पहिला प्रश्न विचारला असतास, "मंग जेवायला काय हुतं?" बटाट्याची भाजी होती. जहाजावरच्या आचाऱ्याला मीच फोडणी शिकवली.

तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते. पुढे बी.ए. झाले, आपल्या घरातली पहिली पदवी. आबांनी ते प्रमाणपत्र तुझ्या फोटोशेजारी लावलंय आणि पाहुणा आला की पाण्याच्या आधी तेच दाखवतात. तुला वाचता येत नव्हतं, पण माझी वही तू रोज बघायचीस. पान उभं धरून ओळी सरळ आहेत का आणि कुठं खाडाखोड आहे का, एवढंच. "हितं काय झालं?" म्हणून बोट ठेवायचीस, आणि माझं अडलेलं असायचं ते नेमकं तिथंच. त्या बोटाच्या धाकानं मी शिकले असं मला अजून वाटतं.

नोकरी लागली ती सहली काढणाऱ्या एका कंपनीत. बरीच वर्षं व्हिसाचे कागद लावले, मग अंटार्क्टिकाची सहल आखायचं काम माझ्याकडे आलं. सगळे म्हणत होते, विमानानं जा, जहाजात बसा, परत या. मला ते पटेना. अर्ध्या जगाला वळसा घालायचा आणि वाटेतल्या डोंगरांना काचेतून हात करायचा? मी मांडलं ते असं: आधी अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनस आयर्स, मग तिथून पार दक्षिणेला पॅटागोनियाच्या डोंगरांत पायी भटकंती, मग जहाज, आणि येताना इग्वासूचे धबधबे. आमचे साहेब अस्सल पुणेकर. कागद बाजूला सारून म्हणाले, "अहो मॅडम, आपली मंडळी फक्त चहाला खाली उतरतात. तुम्ही त्यांना डोंगर चढवणार?" मी म्हटलं, "सर, रोज पर्वती चढणारी माणसं आहेत ही." "पर्वतीवरून घरी येऊन पोहे खाता येतात. आणि चालायचंच असेल तर जहाजानंतर चाला." मी हट्टानं सांगितलं की आधीच चालायचं. तेव्हा पाय ताजे असतात, आणि विमानाला उशीर झाला तरी हाताशी दिवस उरतात. जहाज कुणासाठी थांबत नाही. शेवटी ते म्हणाले, "ठीक. पण माणसं अंटार्क्टिकाच्या जमिनीवर उतरली पाहिजेत. नाही उतरली तर ही सहल बंद, आणि आपण परत व्हिसाच्या टेबलावर."

आणि काय चालली गं ती माणसं! वारा असा की टोपी धरावी तर हातातली काठी सुटते. बँकेतून निवृत्त झालेले एक काका सगळ्यांच्या पुढे, मागं वळून ओरडतात, "काय हो, हा वारा पॅकेजमध्ये धरलाय की वेगळा?" कोथरूडच्या एक मावशी गुडघ्याला पट्टा बांधून, दर वळणावर "आता बास" म्हणत, पार वरच्या तळ्यापर्यंत येतात. सुळक्यांच्या पायथ्याशी ते हिरवंनिळं पाणी. मावशी त्यात हात बुडवतात आणि म्हणतात, "यांना म्हटलं होतं, चला. बसले टीव्हीसमोर." मला तेव्हाच साहेबांना फोन करावासा वाटला, पण तिथं रेंज नव्हती. उतरताना आम्ही गुडघाभर गवतातून गाणी म्हणत खाली आलो. गवताकडे कोण बघतंय?

जहाजावर बघितलं. तिथला नियम असा की जमिनीवर उतरण्याआधी प्रत्येकाचे कपडे, पिशव्या, काठ्या तपासतात. एक बी चालत नाही, मातीचा कण चालत नाही. तपासणारी बाई उंच, शांत. तिनं काकांची पँट उलटी केली आणि शिवणीवर बोट ठेवलं. कुसळं. पायाच्या दुमडीत, मोज्यांत, पिशव्यांच्या पट्ट्यांत, सगळीकडे कुसळं. काकांच्या जाकिटाच्या खिशातून तर बडीशेप निघाली. बाकीचे प्रवासी थेट जहाजावर आलेले, त्यांचं सामान स्वच्छ. डोंगर चालून आलेले आम्हीच. ती म्हणाली, "उद्या सकाळी परत बघीन. ज्यांचं साफ नसेल, ते जहाजावरच थांबतील."

जेवणाच्या हॉलमध्ये कल्ला सुरू झाला. काका म्हणाले, "गवताच्या काडीला घाबरतात? बर्फात काय उगवणार आहे, मेथी?" कुणीतरी म्हणालं, "आपल्यालाच मुद्दाम अडवतात हे." मागून आवाज आला, "म्हणजे चालायला लावलंत म्हणून ही वेळ!" सगळे माझ्याकडे बघत होते. जहाज डोलत होतं. कपड्यांचा ढीग समोर आणि कुसळं उपटायला चिमटे बोटांवर मोजण्याइतके.

तेव्हा तू आठवलीस, आई. मी आठ-नऊ वर्षांची आहे, कात्रजच्या डोंगरावरून खेळून आलेय, फ्रॉकला कुसळंच कुसळं. उंबऱ्यावर बसून मी एकेक उपटतेय आणि शेजारच्या काकूंच्या मेथीच्या वाफ्यात फेकतेय. तू हातावर चापट मारलीस. "दुसऱ्याच्या वाफ्यात टाकतीस व्हय? फुडल्या वर्साला तिथं उगवंल की ते. चुलीत टाक." मग तू मला त्या वाफ्यात उकिडवं बसवलंस आणि टाकलेलं एकेक वेचायला लावलंस. वेचून झालं तेव्हा तुझ्या बांगडीतली सेफ्टी पिन काढलीस, फ्रॉकच्या शिवणीत अडकलेलं शेवटचं कुसळ टोकानं उचललंस, आणि ती पिन माझ्याच बांगडीत अडकवून दिलीस. "असू दे. लागती."

मी उभी राहिले आणि हीच गोष्ट सांगितली, तुझ्याच शब्दांत. म्हटलं, "काका, तिथं थोडंसं का होईना, गवत उगवतं. आपलं रुजलं तर त्यांचं मरेल. हा दुसऱ्याचा वाफा आहे." मग कोथरूडच्या मावशींनी मनगट वर केलं. बांगड्यांत पिनांचा झुबका. "चिमटे कशाला हवेत? बायकांनो, पिना काढा. आणि ताटं मागवा, पांढरी." आई, मंगळसूत्रातून, बांगड्यांतून, साडीच्या पिशव्यांतून एवढ्या पिना निघाल्या! टेबलाभोवती बसून सगळ्यांनी कपडे मांडीवर घेतले, तांदूळ निवडतात तसे. पांढऱ्या ताटात कुसळ पडलं की लगेच दिसायचं. काका खुर्ची ओढून म्हणाले, "बँकेत नोटा तपासल्यात मी. आणा इकडे." मावशी म्हणाल्या, "आधी स्वतःची बडीशेप निवडा." हॉल हसून हसून लोळला. मी टेबलाटेबलावर फिरत होते आणि शिवणीवर बोट ठेवत होते: इथं काय झालं?

सकाळी ती उंच बाई आली. तिनं एकेक शिवण उलटी केली, पट्ट्या ताणून बघितल्या, खिसे चाचपले. तिला काही सापडलं नाही. ताटांतली कुसळं तिनं पिशवीत बांधून जाळायला पाठवली, आणि विचारलं, तुम्ही हे कशानं केलं? मावशींनी तिला एक पिन भेट दिली. ती तिनं कॉलरला लावली.

आम्ही सगळे उतरलो. एकही माणूस मागं राहिलं नाही. रबरी होडी खडकाला लागली, काका पाण्यात उतरले, वळून त्यांनी मावशींना हात दिला, आणि बर्फावर उभं राहून आमच्या मंडळींनी असा जल्लोष केला की त्या बाईला येऊन सांगावं लागलं, हळू, पेंग्विन घाबरतील. साहेबांना फोटो गेला. त्यांचं उत्तर एका ओळीचं: "उतरले म्हणायचे." पण पुढच्या वर्षीची सहल त्यांनी जाहीर केलीय, डोंगरासकट, आणि डोंगर जहाजाच्या आधीच. सामानाच्या यादीत मी सेफ्टी पिना घातल्यात.

हे पत्र कुठं टाकणार नाही. तुझ्या सुपात ठेवीन, ते अजून भिंतीला आहे. एक कबूल करते. त्या जमिनीवर पाय ठेवल्यावर मी आधी पेंग्विन बघितले नाहीत, बर्फ बघितला नाही. वाकून स्वतःच्या पँटची दुमड बघितली. स्वच्छ होती. आणि या पानावर दोन ठिकाणी खाडाखोड झालीय. पुन्हा लिहून काढणार होते, पण राहू देते. तू बोट ठेव.